भर उन्हात पर्णरंध्रे उघडी की बंद?

कोथरूडची गच्ची
पाठ्यपुस्तकानुसार प्रकाश पडला की पर्णरंध्रे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रे, उघडतात. मात्र पुण्यात एप्रिलच्या दुपारी प्रकाश सर्वाधिक, तशी हवाही अतिशय कोरडी असते. माती ओलसर असूनही आमची जास्वंद तेव्हा माना टाकते आणि संध्याकाळी सावरते. अशा वेळी रंध्रे उघडी असतात का, आणि ते ठरवते कोण?

वनस्पतिशास्त्र शिक्षिका
ठरवणारे एखादे केंद्र नसते. प्रत्येक रंध्राच्या दोन रक्षक पेशी आपापला हिशेब करतात. फोटोट्रॉपिन या प्रथिनांना निळा प्रकाश जाणवला, की पेशीपटलातील पंप हायड्रोजन आयन बाहेर टाकतात, पटलाची आतली बाजू अधिक ऋणभारित होते, पोटॅशियम आयन आत ओढले जातात आणि त्यांच्यामागोमाग परासरणाने पाणी शिरते. सेल्युलोजचे तंतू पेशीला आडवे वेढून असल्यामुळे फुगणारी पेशी रुंद न होता लांबते आणि बाकदार होते. दोघींमध्ये फट पडते. पोटॅशियमचे हे महत्त्व १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले; त्यापूर्वी सारा भर स्टार्चची साखर होण्यावर असे.

हडपसरची रोपवाटिका
दुपारी मात्र उलटा रेटा सुरू होतो. मुळांकडून येणारे पाणी बाष्पोत्सर्जनाला पुरेनासे झाले, की पाने ओल्या मातीतही मलूल होतात. पानातील ताण वाढल्यावर अ‍ॅब्सिसिक आम्ल हे वनस्पतीचे संप्रेरक साचते, रक्षक पेशींतून क्लोराइड व मॅलेट हे ऋण आयन बाहेर पडतात, पाठोपाठ पोटॅशियम आणि पाणीही जाते. त्यामुळे आपल्या जास्वंदीची रंध्रे त्या वेळी बहुधा अर्धवट मिटलेली असतील.

वनस्पतिशास्त्र शिक्षिका
सहमत. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी: साध्या पाण्यात उघडी दिसणारी रंध्रे मिठाच्या तीव्र द्रावणात मिटत जातात. यातून फक्त पाण्याच्या दाबाचा परिणाम कळतो, अ‍ॅब्सिसिक आम्लाचा नव्हे. अनेक प्रात्यक्षिक वह्यांत ही गल्लत आढळते.

कोथरूडची गच्ची
मग शेजारची पानफुटी त्याच उन्हात ताठ कशी?

हडपसरची रोपवाटिका
पाणी टंचाईच्या काळात ती रंध्रे मुख्यत्वे रात्री उघडते आणि घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी भारतात अशाच पानांची चव घेऊन ती सकाळी आंबट आणि दुपारपर्यंत बेचव होत असल्याची नोंद केली, जी १८१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसा हे आम्ल मोडून पानाच्या आतच कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि रक्षक पेशींसाठी तो रंध्रे मिटण्याचा इशारा असतो.