टायर प्रेशरचा दंड आणि पंचांची नजर

मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींत 'मोठ्या नावांना सूट, बाकीच्यांना दंड' असं म्हणतात, ते मला निम्मं पटतं. पण त्यासाठी २०२५ च्या कतारच्या शर्यतीचं उदाहरण देतात ते चुकीचं आहे. विन्यालेस हा रायडर दुसरा आला आणि टायरमधला दाब कमी भरल्याने १६ सेकंदांच्या दंडाने चौदावा झाला, वाईट वाटलं. पण पुढच्या टायरमधली हवा सेन्सर मोजतो, त्याला नाव कळत नाही. किमान दाबाच्या वर ६० टक्के लॅप (फेऱ्या) झाल्या पाहिजेत, संपलं. गोची वेगळीच आहे. दुसऱ्याच्या मागे राहिलं की टायर तापून दाब वाढतो, पुढे मोकळ्या हवेत गेलं की उतरतो. म्हणजे तू कितवा पळणार याचा अंदाज टीमने आधीच बांधायचा! त्याच वर्षी थायलंडला मार्क मार्केझ आघाडीवर असताना मुद्दाम त्याच शर्यतीत पळणाऱ्या भावाच्या मागे गेला, दाब वाढवला आणि शेवटच्या लॅप्समध्ये पुढे काढून जिंकला. नाद खुळा, पण ही मोकळीक सगळ्यांकडे असते का?

पक्षपात शिरतो तो जिथे माणूस बघून ठरवतो तिथे. आपल्या कोल्हापूरकडच्या एका डर्ट रेसला (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीला) मी वळणावर झेंडा धरून उभा होतो. एका पोराने आतून चाक घालून दुसऱ्याला बाहेर ढकललं, मी तसं लिहून दिलं. दंड नाही. तक्रार करायची तर लेखी आणि अनामत रक्कम भरून. बाहेर ढकललेल्या पोराचे वडील पाकीट चाचपून गप्प बसले. नियम दोघांना एकच होता की.