पूरग्रस्त विद्यार्थ्याला परीक्षा शुल्कमाफी पुरते का? विद्यापीठांनी तातडीचा मदतनिधी ठेवावा की नाही?

सीनाकाठ:
सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, परांडा, भूम या पट्ट्यातली पिकं तर गेलीच, कित्येकांच्या रानातली मातीसुद्धा वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कॉलेजच्या पोरांच्या वाट्याला काय आलं, तर परीक्षा शुल्कमाफी. 2018 च्या दुष्काळात 151 तालुक्यांसाठी हेच केलं होतं. सवलत चांगली आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून, राहून एमए, एमएस्सी करणाऱ्याच्या खर्चात परीक्षा शुल्क हा सगळ्यात लहान आकडा. दोन वेळची मेस तीन-साडेतीन हजार, कॉटचे तेवढेच नाहीतर जास्त. घरून पैसे यायचे थांबले की दुसऱ्या महिन्यात पोरगं बॅग भरतं आणि सेमिस्टर बुडतं.

माझं म्हणणं असं की प्रत्येक विद्यापीठाने तातडीचा निधी वेगळा काढून ठेवावा. मदत दहा हजारांपर्यंत, अर्ज एका पानाचा, निर्णय आठवड्याच्या आत. निर्णय विभागप्रमुख आणि विद्यार्थी विकास अधिकारी या दोघांनीच घ्यावा, फाईल वर पाठवू नये. आणि उत्पन्नाचा दाखला मागूच नये. यावर हरकत येणार हे ठाऊक आहे. पण तहसीलचा दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. वडील ऑगस्टमध्ये गेले, रान सप्टेंबरमध्ये खरवडून निघालं, तर मार्चपर्यंतच्या कमाईचा कागद घेऊन काय करायचं? बरं, तो काढायलाही गावी जाऊन सेतूत रांग लावावी लागते. गावात पाणी असताना?

सातारकर सर:
तुमची कळकळ कळते, पण प्रस्ताव मला मान्य नाही. तीस वर्षं मी ग्रामीण महाविद्यालयात शिकवलं. कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू केलं, तेव्हा मुलांच्या हातात पैसे ठेवले नाहीत. काम दिलं, राहायला जागा दिली, दोन वेळची भाकरी दिली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य तिथून आलं. आज बहुतेक विद्यापीठांत 'कमवा व शिका' आहे. तीच वाढवा, पूर आला त्या वर्षी जागा दुप्पट करा. मुलाची मान ताठ राहते.

रोख मदतीचं काय होतं हे मी पाहिलं आहे. पहिल्या वर्षी खऱ्या गरजूला मिळते. दुसऱ्या वर्षी नगरसेवकाचं पत्र येतं, तिसऱ्या वर्षी विद्यार्थी संघटना यादी घेऊन येतात. दाखल्याची अट काढलीत तर विभागप्रमुखाला 'नाही' म्हणायला आधारच उरत नाही. कागद हा त्याचाही बचाव असतो.

थकलेला हप्ता:
मी दोघांच्याही विरोधात आहे. मी सध्या एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठीच्या स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मंजूर होतात. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती आहे. योजनांचा तुटवडा नाही. पैसा वेळेवर खात्यात पडत नाही, हा खरा घोळ आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, मग खात्याच्या लॉगिनला, मग आधार जोडलेलं खातं भलतंच निघतं. हक्काचा हप्ता सप्टेंबरमध्ये मिळाला तर ऑक्टोबरमध्ये कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. उद्या हा निधी झाला की सरकार म्हणेल, तुमचं विद्यापीठ बघतंय ना, मग थांबा. हक्काच्या जागी उपकार येईल. मला उपकार नको आहेत.

सीनाकाठ:
@थकलेला हप्ता, हप्ता वेळेवर हवा यात दुमत नाहीच. पण ज्यांचा हप्ताच नाही त्यांचं काय? आठ एकरवाल्याचा मुलगा मागच्या वर्षीपर्यंत कुठल्याच योजनेत बसत नव्हता. आता एकरभरही पेरण्याजोगं राहिलं नाही. त्याला यंदा अर्ज करायला जागाच नाही.

सर, 'कमवा व शिका'बद्दल आदरच आहे. पण त्याचं मानधन काम केल्यावर मिळतं, आणि ज्याच्या घरी गाळ काढायला माणूस नाही तो दोन आठवडे गावीच असतो. तेवढ्यात मेसचं कार्ड बंद झालेलं असतं. शाहू बोर्डिंगचं उदाहरण तुम्ही दिलंत, तर तिथे मुलगा आला त्या रात्रीच जेवत होता. काम दुसऱ्या दिवशी. मी त्या पहिल्या रात्रीचं जेवण मागतोय.

लेखाशाखा:
विद्यापीठाच्या हिशेबात बरीच वर्षं गेली म्हणून लिहितो. पैसा नाही हे खरं नाही. शुल्काची पावती नीट वाचा. मुंबई विद्यापीठाच्या शुल्कपत्रकात 'आपत्ती निवारण निधी' आणि 'कुलगुरू निधी' अशा वेगळ्या ओळी असतात. अनेक महाविद्यालयं 'विद्यार्थी साहाय्य निधी' घेतात. रकमा किरकोळ, पण प्रत्येक विद्यार्थी दरवर्षी भरतो. म्हणजे हा पैसा मुलांनीच मुलांसाठी जमा केलेला आहे. @थकलेला हप्ता, उपकाराचा प्रश्न इथेच मिटतो.

अडचण खर्च करण्याची आहे. लेखापरीक्षक विचारतो, कोणत्या निकषावर दिले? निकष लिहिलेला नसेल तर आक्षेप निघतो आणि तो सही करणाऱ्याच्या निवृत्तीपर्यंत त्याच्या मागे लागतो. म्हणून कुणी सही करत नाही, शिल्लक पुढच्या वर्षात ओढली जाते. निकष लेखी असला पाहिजे, पण तो उत्पन्नाचाच असला पाहिजे असं कुठे आहे? पंचनाम्याची प्रत, मृत्यूचा दाखला, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड यांतलं काहीही एक चालेल असा ठराव करा. लेखापरीक्षक घटनेचा पुरावा मान्य करतो. तोंडी शब्द मान्य करत नाही.

वणीची लेक:
मला यात थोडं अनुभवाचं सांगायचं आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही.

रसायनशास्त्राच्या तिसऱ्या सेमिस्टरला बाबांचा अपघात झाला. मदतीचा अर्ज दिला तर खिडकीवरच्या बाबूंनी तो मोठ्याने वाचला. मागे पंधरावीस मुलं उभी. 'वडील अंथरुणावर आहेत' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा शेजारच्या टेबलावर ऐकू गेलं नव्हतं. मग बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, दोन जामीनदार. मंजुरी आली तोवर माझी चौथ्या सेमिस्टरची परीक्षा झाली होती.

मला तारलं मेसच्या काकूंनी. त्यांची एक लांबट वही होती, प्रत्येक पोरीचं पान वेगळं. माझ्या पानावर त्यांनी चार महिने फक्त तारखा लिहिल्या, रकमेचा रकाना कोराच ठेवला. नोकरी लागल्यावर मीच मेसचा दर विचारून हिशेब केला. मदत होते, माणसं करतात. पण माझ्या बॅचची एक मुलगी दुसऱ्या मेसला होती. तिच्या काकू अशा नव्हत्या आणि ती डिसेंबरनंतर आलीच नाही. शिक्षण पुरं होणं मेस कुठली मिळाली यावर ठरू नये, म्हणून निधी हवा.

पण सीनाकाठ दादा, विभागप्रमुखाच्या हातात निर्णय देऊ नका. इंटर्नल मार्क त्यांच्या हातात, पीएचडीचा गाईड तेच, आता पैसेही तेच देणार? एखाद्या मुलीला कुणाच्या केबिनमध्ये जाऊन 'सर, पैसे हवेत' म्हणावं लागणं किती वाईट असू शकतं याचा विचार करा. विभागाबाहेरचं माणूस ठेवा, आणि समितीत एक बाई असलीच पाहिजे.

अटलांटावासी:
मूळचा नांदेडचा. इथल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात 2011 पासून एक पद्धत आहे, ती सांगण्यासारखी वाटली. थोड्या थकबाकीमुळे ज्यांचं नाव कमी होणार अशा मुलांची यादी विद्यापीठ स्वतःच काढतं. अभ्यास बरा चालला आहे, पदवी जवळ आली आहे असं दिसलं तर 2,500 डॉलरपर्यंतची रक्कम परस्पर भरून टाकतात. मुलाने अर्ज करायचा नसतो. वणीच्या ताईंनी लिहिलेली खिडकी तिथे येतच नाही.

उलटं उदाहरणही इथलंच. 2020 मध्ये कोविडच्या वेळी अमेरिकेच्या केंद्र सरकारने उच्च शिक्षणासाठी सुमारे 14 अब्ज डॉलर दिले. बहुतेक विद्यापीठांना मिळालेल्या रकमेतला निम्मा हिस्सा थेट विद्यार्थ्यांना रोख द्यायचा होता. पण शिक्षण खात्याने अट घातली की सरकारी अर्थसाहाय्याला पात्र असेल त्यालाच. आपल्याकडून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेली मुलं नेमकी त्यातून सुटली. कॅम्पसवरची कामं बंद, परतीची विमानं बंद, आणि मदतीलाही अपात्र. तातडीच्या पैशाला नेहमीच्या योजनेची चाळणी लावली की असं होतं.

सातारकर सर:
वणीच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं. अर्ज चारचौघांत वाचणं अक्षम्य आहे, त्याला कुठलाही नियम कारण असू शकत नाही. लेखाशाखेने सुचवलेला घटनेचा पुरावाही मला पटतो, त्याने विभागप्रमुखाला आधार मिळतो.

रोख मात्र अजूनही पटत नाही. पुण्यात 1955 पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातल्या मुलांची राहण्याजेवण्याची सोय करते आहे. त्या वाटेने जा. मेसचं बिल मेसला द्या, वसतिगृहाचं वसतिगृहाला. मुलाच्या खात्यात दहा हजार आले आणि घरून फोन आला की बियाण्याला पैसे नाहीत, तर मुलगा ते घरीच पाठवणार. मी त्याला दोष देणार नाही. पण तो पुन्हा उपाशीच राहील.

थकलेला हप्ता:
सर, घरी पाठवले तर पाठवू द्या ना. घर उभं राहिलं तरच आम्ही इथे टिकतो. मेसला परस्पर पैसे दिले की मेसवाल्याला कळतं, मग सगळ्या टेबलांना कळतं. खिडकी फक्त जागा बदलते.

पैसा मुलांच्याच शुल्कातला असेल तर उपकाराबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण एक अट ठरावात लिहा. या निधीतून मिळालेली रक्कम कुठल्याही शिष्यवृत्तीतून वजा होणार नाही, आणि शिष्यवृत्ती रखडली असेल तर विद्यापीठाने समाजकल्याण खात्याला तसं लेखी कळवायचं. नाहीतर मी विरोधातच.

लेखाशाखा:
मार्चमध्ये विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेटची) अर्थसंकल्पाची बैठक असते. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात आहेच, तेव्हा नवी समिती नको, या मंडळाच्या नावावरच स्वतंत्र लेखाशीर्ष मागा. मसुद्यात घटनेचा पुरावा, सात दिवसांची मुदत, विभागाबाहेरचे दोन सदस्य, त्यांत एक महिला, आणि वजावट नाही हे कलम घालतो. रोख की बिल हे विद्यार्थ्यालाच अर्जावर खूण करून सांगू द्यावं, असं माझं मत.

सातारकर सर:
मसुदा पाठवा. आमच्या भागातल्या अधिसभा सदस्यांशी मी बोलतो. रोखीच्या कलमाला माझा विरोध आहे असं शेजारी नोंदवून ठेवा, बाकीवर सही करतो.

सीनाकाठ:
नोंदवतो सर. मुदत सात दिवसांचीच राहू दे, पंधरा करायला कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही. पंधरा दिवसांत पोरगं गावी पोचलेलं असतं.