उपकरणांवर उडताना नजर कशी फिरवायची?

बाहेरचं काही दिसत नसताना फक्त समोरच्या उपकरणांवर विमान उडवायचं, तर वेग, उंची, दिशा वगैरे दाखवणारी सहाही घड्याळं डावीकडून उजवीकडे ओळीने वाचायची का, असा प्रश्न आलाय. तसं नका करू. मधलं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली आहे का आणि पंख कललेत का ते दाखवणारं घड्याळ, हे घर. तिथून उंचीकडे, परत घरी. तिथून दिशेकडे, परत घरी. सरळ उडताना उंची आणि दिशा जास्त वेळा बघायची, ठरावीक वेगाने चढताना वेगाचा काटा.

मला सगळ्यात जड गेलं ते एकाच काट्याला चिकटून न राहणं. उंची शंभर फूट घसरली की डोळे तिथेच खिळायचे आणि तोवर दिशा वीस अंश सरकलेली असायची.

जुलैत कोल्हापूरच्या विमानतळावरून, उजळाईवाडीहून, पन्हाळ्याच्या बाजूला बघा, ढगांत डोंगर कुठला ते कळत नाही. अशा ढगात एकसारखं वळत राहिलं तर १०-२० सेकंदांत कानातला द्रव स्थिरावतो, आणि विमान सरळच चाललंय असं अंग सांगतं. अंगाचं अजिबात ऐकू नका.

आणि हो, जुन्या शिकाऊ विमानांत ते क्षितिज बहुधा पंपाने खेचलेल्या हवेवर चालतं. पंप गेला तर ते हळूहळू कलतं, चटकन लक्षात येत नाही. म्हणून विजेवरच्या टर्न कोऑर्डिनेटरशी (वळण दाखवणाऱ्या घड्याळाशी) ते सारखं ताडून बघा.