मदत हवी आहे : आमचा हिरो रायण्णाला वाचवू शकतो का?

खानापूरची आई : मुलीचं कॉमिक शनिवारी शाळेत द्यायचं आहे, लवकर सांगा. कॉमिकमधला हिरो मागच्या काळात जातो, नंदगडला पोचतो आणि तिथंच गाडी अडलीय. मुलीचा हट्ट, इंग्रजांनी नंदगडला फाशी दिलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला वाचवायचंच. फाशीचा दोर खोडून खोडून कागदाला भोक पडलंय. इतिहास बदलला तर टीचर मार्क देणार नाहीत. काय करू?

टिळकवाडीकर : ताई, कितवीत आहे ती? पानं किती? मराठी की कन्नड? आणि जातो कशानं, यंत्रानं?

जुना वाचक : यंत्र कशाला? बॅटमनच्या १९४४ च्या गोष्टीत प्राध्यापक निकल्स त्याला आणि रॉबिनला संमोहनानं थेट प्राचीन रोमला पाठवतो. यंत्र काढण्यात पानं वाया जातात.

गल्लीतला इंजिनिअर : संमोहन म्हणजे स्वप्नच की! फँटॅस्टिक फोर या कॉमिकच्या १९६२ च्या पाचव्या अंकात खलनायक डॉक्टर डूमचं यंत्र आहे, त्यानं चौघांपैकी तिघं समुद्री चाच्यांच्या काळात जातात. यंत्र पाहिजेच.

शहापूरचा : गांधीजींना घ्या की. काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी एकदाच घेतलं, १९२४ ला आपल्या बेळगावात.

खानापूरची आई : गांधीजी नकोत. माझं माहेर नंदगडचं, रायण्णाच पाहिजे. सातवी, आठ पानं, कन्नडमध्ये. हिरो नाही, बारा वर्षांची हिरोईन आहे, आणि तिच्याकडं मंतरलेली घंटा आहे. यंत्राचं मी विचारलंच नव्हतं!

टिळकवाडीकर : हे आधी सांगायचं ना. रायण्णाला पकडलं एप्रिल १८३० मध्ये, फाशी २६ जानेवारी १८३१ ला. ती कुठल्या दिवशी पोचते?

खानापूरची आई : फाशीच्या दिवशी सकाळी.

जुना वाचक : १९६० च्या अंकात सुपरबॉय, म्हणजे लहानपणीचा सुपरमॅन, लिंकनला वाचवायला जातो. तिथं त्याला त्याचा शत्रू लूथर भेटतो, मोठा झालेला. आपल्याला पकडायलाच आलाय असं समजून लूथर लाल क्रिप्टोनाइट या दगडानं त्याला जागीच खिळवतो आणि तिकडं लिंकनला गोळी लागते. एवढी ताकद असून जमलं नाही, म्हणूनच ती गोष्ट मनात राहते. वाचवू नका.

गल्लीतला इंजिनिअर : लहान पोरीला असा शेवट देणार? दोन काळ वेगळे करा, एकात रायण्णा जगू दे.

जुना वाचक : मग नंदगडची समाधी कुणाची?



बैलहोंगलची मावशी : पोरी, समाधीवरचा वड रायण्णाच्या साथीदारानं लावला असं सांगतात. बाळ व्हावं म्हणून बायका त्याला पाळणे बांधतात. माझ्या बहिणीनंही बांधला होता. ते रोप साथीदाराच्या हातात तुझ्या हिरोईननं दे. इतिहास आहे तसाच राहतो आणि ती रिकाम्या हातानं परत येत नाही.

खानापूरची आई : मावशी, मुलीला वाचून दाखवलं. आधी रडली, मग भोक पडलेला कागद बाजूला ठेवून नवीन घेतला. आता विचारतेय, वीतभर वडाच्या रोपाला पानं किती असतात? कुणाच्या दारात असेल तर मोजून सांगा, आजच.