‘ब्लोबॅक’ला मराठीत काय म्हणायचं? अंगलट, भस्मासुर की निस्तरणं

परभणीकर: स्पर्धा परीक्षेच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या नोट्स काढतोय. इराण, अफगाणिस्तान आलं की ‘ब्लोबॅक’, म्हणजे सरकारनं परदेशात गुपचूप केलेलं पुढं उलटणं, येतोच. बाजारातल्या पुस्तकांत कुठं ‘प्रतिघात’, कुठं ‘दुष्परिणाम’, कुठं ‘पडसाद’. मुलं ‘प्रतिघात’ पाठ करतात आणि म्हणजे काय विचारलं की गप्प. आपल्याकडं रोज बोलला जाणारा शब्द सुचवा.

लातूरकर: अंगलट येणं. आणखी काय पाहिजे?

जिंतूरकर: वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून कापसावर फवारणी केली की औषध आपल्याच अंगावर येतं, तेच हे. ‘उलटवारं’ म्हणा.

पैठणकर: भाऊ, फवारणाऱ्याला औषध कुठून आलं ते माहीत असतं. इथं तेच माहीत नसतं. इराणमध्ये पंतप्रधान मोसादेघ यांनी १९५१ मध्ये तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन हेरखात्यांनी मिळून त्यांचं सरकार उलथवलं आणि तिथल्या राजाचं, म्हणजे शहाचं, आसन पक्कं केलं. त्या कामगिरीचा सीआयएनं, म्हणजे अमेरिकन हेरखात्यानं, १९५४ मध्ये लिहिलेला अंतर्गत वृत्तांत २००० साली बाहेर आला. असल्या कामात ‘ब्लोबॅक’ची शक्यता कायम डोक्यात ठेवा, असं त्यात अधिकाऱ्यांना बजावलंय. म्हणजे करणाऱ्यांना पुरती कल्पना होती. नव्हती ती त्यांच्या जनतेला. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत लोक ओलीस धरले गेले, त्यातले ५२ जण ४४४ दिवस अडकून पडले. तेहरानच्या रस्त्यावर १९५३ कुणी विसरलं नव्हतं. अमेरिकेत ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मग टीव्ही बघणाऱ्याला त्यात निव्वळ धर्मवेड दिसलं. धर्म त्यात होताच, शहाला घालवून सत्तेवर आलेल्या खोमेनींचं सगळं राजकारणच धर्माचं. पण जमाव त्याच वकिलातीवर का गेला, हे धर्म सांगत नाही. तुमचीच फवारणी घ्यायची तर शेजारी रात्रीत फवारून गेला आणि सकाळी उलट्या आपल्या पोराला, असं म्हणावं लागेल.

बीडकर: भस्मासुर! अमेरिकेनं तालिबान तयार केलं, तेच तिच्या डोक्यावर हात ठेवायला निघालं. याहून चपखल शब्द मिळणार नाही.

नांदेडकर: हे वाक्य आपल्याकडं व्हॉट्सॲपवर फार फिरतं, पण नोट्समध्ये घालू नका. सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात शिरल्या, फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या. त्या काळात अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रं गेली ती मुजाहिदीन गटांना, आणि तीही बहुतांशी पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातून. कुणाला किती द्यायचं, हे बरंचसं तिथं ठरे. तालिबान १९९४ मध्ये कंदाहारकडं उभं राहिलं. शस्त्रांनी भरलेला आणि टोळ्यांत फाटलेला देश वाऱ्यावर सोडला, त्यात ते वाढलं. ‘तयार केलं’ आणि ‘वाढायला रान मोकळं ठेवलं’ यांत फरक आहे.

दुसरं, शंकरानं वर दिला तो उघडपणे. रेगननी १९८३ मध्ये मुजाहिदीनांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून फोटो काढले, तेवढ्यापुरता भस्मासुर बरोबर आहे. इराणला तो लागू होत नाही. शिवाय वर्तमानपत्रांनी तो झिजवून टाकलाय. महागाईचा भस्मासुर, बेरोजगारीचा भस्मासुर. वर कुणी दिला, हे कोण विचारतं?

अंबाजोगाईकर: ‘पडसाद’ तर मुळीच नको. ‘घटनेचे शहरात पडसाद उमटले’ म्हणजे दुकानं फुटली, पण दगड कुणी मारले ते विचारू नका. १९९२ च्या डिसेंबरपासून वाचतेय हे वाक्य.

धाराशिवकर: सगळे इराण-काबूलला गेलात, जरा घरचंही बघा. ‘रझा’ म्हणजे मर्जी. रझाकार म्हणजे आपल्या मर्जीनं पुढं आलेला, स्वयंसेवक. लातुरात वकिली करणाऱ्या कासीम रझवीची ही फौज निजामानं वाढू दिली, कारण भारतात सामील व्हायचं नव्हतं. गावं लुटली, जाळली. विरोधात लिहिणारा पत्रकार शोएबुल्ला खान, तोही मुसलमानच, त्याला ऑगस्ट १९४८ मध्ये मारलं. शेवटी ती निजामालाही आवरेना. इथपर्यंत ‘अंगलट’ चालतं.

पुढं चालत नाही. हैदराबादनं तक्रार संयुक्त राष्ट्रांकडं नेली होती. हा आमचा घरचा मामला, ही दिल्लीची भूमिका. लष्कराच्या मोहिमेला ‘पोलिस ॲक्शन’ हे नाव त्यात बरोबर बसलं. १३ सप्टेंबरला फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण. नंतर जे झालं त्याची पाहणी करायला नेहरूंच्या सरकारनं सुंदरलाल समिती पाठवली. तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा, आणि सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांना. मेले ते बहुतेक मुसलमान, त्यातले कितीतरी रझाकारांच्या वाऱ्यालाही उभे न राहिलेले. निजाम १९५० मध्ये राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा राज्याचा प्रमुख, झाला. रझवी १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला. अंगलट आलं ते कुणाच्या अंगाला? चोर सोडून संन्याशाला फाशी. समितीचा अहवालसुद्धा २०१३ पर्यंत लोकांसमोर आला नव्हता.

म्हणून माझं मत ‘निस्तरणं’ला. पोरानं केलं, बापाला निस्तरावं लागलं. करणारा निराळा, भोगणारा निराळा.

लातूरकर: पण ‘तू केलंस, तूच निस्तर’ असंही म्हणतोच की.

धाराशिवकर: म्हणतो, पण तेव्हा ‘तूच’वर जोर द्यावा लागतो. नुसतं ‘आम्हाला निस्तरावं लागलं’ म्हणा, ऐकणारा लगेच विचारतो, कुणी करून ठेवलं होतं?

बीडकर: आणि ‘बोकांडी बसणं’?

पैठणकर: बोकांडी बसलेलं दिसतं तरी. इथं खरी मेख न दिसण्यात आहे. ‘निस्तरणं’ घ्या, पण ‘गुप्त’ आणि ‘ठाऊक नसलेल्या’ हे दोन्ही वाक्यात यायलाच हवं, नाहीतर पुन्हा ‘दुष्परिणाम’च उरतो.

परभणीकर: मग असं लिहितो: ‘सरकारनं परदेशात केलेल्या गुप्त उचापती, त्या ठाऊकच नसलेल्या जनतेला पुढं निस्तराव्या लागणं, म्हणजे ब्लोबॅक.’ खाली इराणचं उदाहरण. रझाकारांचं वेगळ्या चौकटीत, कारण तिथं गुप्त काही नव्हतं.

अंबाजोगाईकर: सर, ‘उचापती’ला परीक्षक मार्क कापेल. ‘कारवाया’ करा.

परभणीकर: वर्गात ‘उचापती’, पेपरात ‘कारवाया’.