डेबियन लाइव्ह पेनड्राइव्ह: रीबूट केलं की सगळं साफ

पांदणरस्ता:
गावच्या वाचनालयात हार्डडिस्क गेलेले जुने डेस्कटॉप आहेत, रॅम ४ जीबी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'डीडी' कमांडनं डेबियन लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) टाकून चालवून राहिलो. उरलेल्या जागेत तिसरं पार्टिशन केलं, फाइल सिस्टीम ईएक्सटी४, लेबल 'पर्सिस्टन्स' (रीबूटनंतरही फाइली टिकाव्या म्हणून). बूटच्या ओळीत 'पर्सिस्टंट' जोडलं. तरी रीबूट केलं की फाइली गायब. काय राहून गेलं?

संत्रीबाग:
भाऊ, 'पर्सिस्टंट' हे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचं. डेबियनला लेबलमध्ये आहे तोच शब्द लागतो, 'पर्सिस्टन्स', सगळी अक्षरं स्मॉल. चुकीचा शब्द दिला तर एररही येत नाही, सिस्टीम गुमान पुढे जाते.

दुसरं म्हणजे, त्या पार्टिशनमध्ये अगदी वरच्या पातळीवर पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ नावाची फाइल आहे काय? नसेल तर ते पार्टिशन वापरलंच जात नाही. फाइलीत एकच ओळ: स्लॅश, स्पेस, युनियन, म्हणजे सिस्टीममधले सगळे बदल जपले जातात. सुडो (अधिकार देणारी कमांड) आणि इको (मजकूर छापणारी) लिहून पुढे 'पेक्षा मोठं' चिन्ह द्याल तर परमिशन डिनाइड येईल. सुडो इकोपुरता असतो, फाइल मात्र तुमच्या साध्या युजरच्या नावानं उघडली जाते. इकोचं आउटपुट पाइपमधून 'सुडो टी'कडे द्या, टी ते फाइलीत लिहिते.

मग रीबूट करा, ग्रबच्या, म्हणजे बूटच्या मेनूत ई दाबा, 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'पर्सिस्टन्स' जोडा आणि एफ१०. तरी जमलं नाही तर व्हार-लॉग-लाइव्हमधली बूट डॉट लॉग इथं टाका.

पांदणरस्ता:
कॉन्फ फाइल नव्हतीच. आता फाइली राहतात. पण दर वेळी ई दाबणं पोरांना कसं जमणार? आणि दुपारी लाइन जाते, यूपीएस नाही.

लाइन_गेली:
डीडीनं लिहिलेलं आयएसओ (डेबियनची इमेज फाइल) रीड-ओन्ली असतं, म्हणून त्यातला मेनू बदलता येत नाही. विंडोजचं मशीन हाताशी असेल तर रुफस या बूट पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पर्सिस्टन्ससाठी जागा ठरवा आणि विचारलं तर आयएसओ मोड निवडा. पार्टिशन आणि बूटच्या ओळीतला शब्द दोन्ही तोच करतो. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, आधी फाइली काढून घ्या.

लाइनचं म्हणाल तर वाचनालयात पूर्ण युनियन मी ठेवणार नाही. कॉन्फमध्ये त्या ओळीऐवजी फक्त 'स्लॅश होम' लिहा. पोरांच्या फाइली आणि सेटिंग टिकतात, बाकी सिस्टीम दर बूटला कोरी मिळते. पेनड्राइव्हवर लिहिणं कमी, म्हणजे लाइन गेल्यावर बिघडण्यासारखंही कमी. तोटा एकच: नंतर टाकलेलं सॉफ्टवेअर राहत नाही. फोनेटिक मराठीसाठी आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज टाकलं तर त्याची सेटिंग होममध्ये राहील, पॅकेज मात्र उडेल. तेच हवं असेल तर युनियन ठेवा.

संत्रीबाग:
युनियन ठेवलं तर अ‍ॅप्ट अपग्रेड (सगळी पॅकेजं नवी करणारी कमांड) करू नका. नवीन कर्नल (सिस्टीमचा गाभा) पर्सिस्टन्सच्या पार्टिशनमध्ये जाऊन बसतो, बूट मात्र आयएसओतल्या जुन्याच कर्नलनं होतं. जागा फुकट जाते. लागेल तेवढंच पॅकेज टाका, नंतर अ‍ॅप्ट क्लीननं डाउनलोड झालेल्या फाइली काढा.

लाइन_गेली:
आणि लाइन गेल्यावर काही अडलं तर 'पर्सिस्टन्स' हा शब्द न देता बूट करा. एलएसबीएलके या कमांडमध्ये पार्टिशनचं नाव पाहा (डीडीनं केलेल्यात बहुतेक एसडीए३ किंवा एसडीबी३), ते माउंट (सिस्टीमला जोडलेलं) नाही याची खात्री करा आणि ई२एफएससीके मायनस एफ (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा. माउंट असताना चालवलं तर असलेला डेटाही जाऊ शकतो.