शर्मिष्ठेचा त्याग की बापाची सोय?

जुनी_वही: काल इथे खांडेकरांच्या ‘ययाति’ कादंबरीवर कुणी लिहिलं, “‘ययाति’त घरासाठी झिजते ती शर्मिष्ठा, स्वतःपुरती जगते ती देवयानी. विषय संपला.” संपला कसा? देवयानीला विहिरीत ढकललं शर्मिष्ठेनं, चूक तिचीच. पण देवयानीचे वडील, दैत्यगुरू शुक्राचार्य, रुसून निघाले, मेलेल्यांना उठवणारी त्यांची संजीवनी विद्या जाणार म्हणून शर्मिष्ठेच्या बापाच्या, राजा वृषपर्व्याच्या, पोटात गोळा आला, आणि पोर झाली देवयानीची दासी! एकीनं मान खाली घातली की बाकीच्यांचा स्वार्थ झाकला जातो. त्यालाच आपण ‘कुटुंबनिष्ठा’ म्हणतो.

तिरकस: म्हणजे देवयानीला क्लीन चिट? दास्याची अट कुणी घातली?

माजघर: अट घातली, कबूल. पण जिच्यावर जीव जडला त्या कचानं नाकारलं, नवऱ्यानं, ययातीनं, शर्मिष्ठेशी गुपचूप संबंध ठेवून फसवलं, तरी समजूतदारपणा तिनंच दाखवायचा? ययातीला सगळं माफ, कारण तो ‘माणूस आहे’. वा!

तिरकस: ययातीला माफ केलंय कुणी? शापानं म्हातारा झाल्यावर पोराचं तारुण्य मागणारा बाप तो. शर्मिष्ठेचा मुलगा पुरू मात्र खरा. न कुरकुरता दिलं.

जुनी_वही: कुरकुरला की नाही, कळणार कसं? ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, तिघांना निवेदन मिळालं. ज्यानं दिलं त्याला एक प्रकरणही नाही! आमच्याही घरी एक पुरू आहे. वडिलांचं कर्ज फेडायला दादानं शिक्षण सोडलं. वडील चारचौघांत सांगतात, “त्यानं आपणहून केलं.” दादा तेव्हा ताटातलं मीठ बोटानं सारखं करत असतो.

तिरकस: मग वडिलांशी भांडा. खांडेकरांवर राग का काढता?

जुनी_वही: माझ्या वडिलांचं मी बघेन. तुम्ही सल्ला देऊ नका.

माजघर: अहो, मूळ महाभारत काढा. ज्या चौघा मुलांनी तारुण्य द्यायला नकार दिला त्यांना शाप, पाचव्याला, पुरूला, सिंहासन. हा त्याग की लिलाव?

तिरकस: बोलीच्या वेळी पुरूला सिंहासनाचं ठाऊक होतं का?

माजघर: भावांना शाप मिळताना तर दिसत होते ना! नकार देणाऱ्या थोरल्या यदूला कुणी स्वार्थी म्हणू नका एवढंच. ‘नाही’ म्हणणारा एक तरी मुलगा घरात हवा. मी घरात तेच म्हटलं, अकरा वर्षं झाली, अजून सणाला बोलावणं नाही.

तिरकस: बरं बाबा, यदू थोर. देवयानीचा मुलगा आहे, आईवर गेला. आता खूश?

जुनी_वही: हे तुम्ही कौतुक म्हणून लिहिलं असेल तर पहिल्यांदाच पटलं. आणि दादाला हा धागा पाठवणार होतो, आता नाही पाठवत.